न हलणारी मधमाशी

९ फेब्रुवारी, रविवार

ही डायरी शाळेच्या निरोप समारंभात मिळाली. सोबत शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. नारळाची चटणी केव्हाच झाली, घड्याळ बंद पडलं. डायरी गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे वार जुळत नाहीत. मी खोडून बरोबर करते. एकतीस वर्षं सातवी ते दहावीच्या विज्ञानाच्या वह्या तपासल्या, आता स्वतःची तपासायची.

लिहायचं कारण एवढंच की आजपासून फोटोंची नीट नोंद ठेवणार आहे. राजसने दिवाळीत कॅमेरा दिला, वर अगदी जवळून फोटो काढायची लेन्स. "आई, तू दिवसभर बाबांना सुधारत बसतेस, त्यापेक्षा हे कर." चिरंजीव हडपसरला राहतात, म्हणून एवढं बोलायची हिंमत होते.

आज सकाळी साडेसात ते दहा, दोनशे सोळा फोटो. विषय: कॉसमॉसच्या फुलावर मधमाशी. दोनशे पंधरा पुसून टाकले. एकात माशीचा पार्श्वभाग सुरेख आला आहे. ही बया एका फुलावर दोन सेकंद टिकेल तर शपथ! मी श्वास रोखते, गुडघा टेकते, फोकस लावते, तोवर ती शेजारच्या फुलावर. माधव म्हणाले, "तिला कामं असतात, पद्मा. ती निवृत्त नाही."

एप्रिलमध्ये आमच्या छायाचित्र मंडळाचं प्रदर्शन आहे. तिथे माझा एक फोटो भिंतीवर लागला पाहिजे. आजवर भिंतीवर माझं काही लागलेलं नाही, वर्गाच्या वेळापत्रकाखेरीज.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बद्रीनाथ हे आमच्या सोसायटीचे दिवसपाळीचे वॉचमन. वाशिमकडचे. पंपाच्या खोलीमागे त्यांच्या मधमाश्यांच्या पाच पेट्या आहेत, आणि त्या तिथे आहेत त्या माझ्यामुळे. गेल्या वार्षिक सभेत "मुलांना चावतील" म्हणून अख्खी सोसायटी उठली होती. मी उभी राहिले आणि वीस मिनिटं परागीभवन शिकवलं. शेवटी कंटाळून सगळ्यांनी हात वर केले. माणसं पटून नाही तर दमून तरी ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

आज त्यांनी पेटी उघडून दाखवली. हातात ना मोजे, तोंडावर ना जाळी. पोळ्याची एक चौकट वर काढून उन्हात धरली.

"ही राणी पाहा मॅडम. दिसली काय? हिचा पसारा वाढला का मी एकाच्या दोन पेट्या करतो. पावसाळ्याच्या आंधी आठ झाल्या पाहिजेत."

"आठच का?"

"आठ झाल्या तं गावी जातो न. भावाच्या संत्र्याच्या बागेत ठेवतो. तेवढ्यावर भागते आमचं. मुक्ताई म्हणते, सहा वर्सं झाले, सृष्टी तुमाले फोनमधलाच बाप समजते."

हसत सांगितलं त्यांनी. मुक्ताई ही त्यांची बायको, गावीच असते; सृष्टी नऊ वर्षांची आहे. मला भरून आलं, पण तसं दाखवायची सवय नाही. म्हटलं, "होतील आठ. माझी बाग आहे ना."

आणि ते खोटं नाही. सोसायटीच्या बाग समितीची मी प्रमुख. खाली सोसायटीचे चौदा वाफे, गच्चीवर माझ्या स्वतःच्या साठ कुंड्या. उन्हाळ्यात आमच्या वारज्यात दुसरीकडे नुसती धूळ आणि इमारती. तेव्हा या माश्यांना फुलं मिळणार ती आमच्याकडेच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मंडळाच्या बैठकीत श्यामसुंदर उपाध्यांनी भुंग्याचा फोटो दाखवला. मिशीच्या टोकापासून मागच्या पायापर्यंत सगळं लख्ख. युक्ती अशी की एकाच किड्याचे तीस फोटो काढायचे, दर वेळी फोकस केसभर पुढे सरकवायचा आणि मग संगणकावर जोडायचे. पण त्यासाठी किडा दोन-तीन मिनिटं दगडासारखा बसायला हवा.

"बसतो कसा हो?" मी विचारलं.

"फ्रीजमध्ये ठेवायचा दहा मिनिटं, पद्मजाताई. भाजीच्या कप्प्यात. गारठला की हलत नाही."

मी म्हटलं, "उद्या नातवाचा फोटो काढायचा असेल तेव्हा कप्पा मोठा लागेल." सगळे हसले. उपाध्ये हसले नाहीत, आणि त्याचा सूड त्यांनी लगेच उगवला. माझा कॉसमॉसचा फोटो पडद्यावर आला तेव्हा म्हणाले, "छान आहे. पण माशीपेक्षा मावाच जास्त दिसतोय." खरं होतं. देठावर हिरव्या किड्यांची रांगच रांग होती.

घरी आल्यावर ठरवलं ते इथे लिहून ठेवते. मी काढीन तो फोटो जिवंत, मोकळ्या, आपणहून फुलावर बसलेल्या माशीचा. तीस फ्रेम जोडूनच. तिला माझी सवय होईपर्यंत रोज तिथे बसेन. आणि फूल स्वच्छ असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सुदर्शन, आमचा माळी, मावा पाहून म्हणाला, "बाई, फवारणी मारू." मी त्याला उभा-आडवा घेतला. फवारलं की औषध फुलावर बसणार, फुलावरून माशीच्या अंगावर. एवढं तर सातवीतलं पोरही सांगेल! ज्या बागेशेजारी मधमाश्यांच्या पेट्या आहेत तिथे फवारणी म्हणजे गुन्हा आहे.

मग स्वतः जाऊन रोपवाटिकेच्या दुकानात नीट चौकशी केली. दुकानदाराने वेगळंच औषध दिलं, दाणेदार. फवारायचं नाहीच. मातीत घालायचं आणि वरून पाणी. "फुलाला हात लागत नाही मॅडम, पंधरा दिवसांत मावा साफ. दर पंधरवड्याला द्या." मला हवं होतं ते हेच. पाकिटावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं, पण चष्मा घरी. त्याने तोंडी सांगितलं ते मी लिहून घेतलं.

संध्याकाळी चौदा वाफे आणि साठ कुंड्यांना घातलं. सुदर्शन अंदाजपंचे टाकत होता. मी चमचा मोजून घालायला लावला. तुळशीच्या कुंड्या तेवढ्या वगळल्या, त्यांची पानं चहात जातात. माधव पाणी घालत होते. म्हणाले, "मातीतच राहतं ना ते? मग तुळशीने काय घोडं मारलंय?"

म्हटलं, "उगीच विषाची परीक्षा कशाला?"

२४ फेब्रुवारी, सोमवार

बद्रीनाथांना सुदर्शनकडून कळलं असावं. गेटपाशी मला थांबवून जरा अडखळतच म्हणाले, "मॅडम, थे बागेत औषध टाकलं म्हणते सुदर्शन. माश्याले तं काही व्हणार नाही न?"

"मातीत घातलंय, बद्रीनाथ. फुलावर नाही."

"हाव, पण आमच्याकडं कपाशीच्या बियाले औषध लावूनच येते. बियालेच लावते. तवापासून फुलावर माशी कमी झाली, असं म्हणतात लोकं."

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांच्याच नोंदवहीच्या मागच्या पानावर चित्र काढून: ही माती, हे मूळ, हे फूल, ही माशी, माशी मातीत जाते का? नाही. लोक काय, वाट्टेल ते म्हणतात. कपाशी पिकली नाही तरी कुणीतरी दृष्ट लावली म्हणतात. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि "बरं मॅडम" म्हणाले. वही मिटली. समजून घेणारा माणूस आहे. माझ्या वर्गात असता तर पहिल्या बाकावर बसला असता.

९ मार्च, रविवार

औषधाचा दुसरा हप्ता काल दिला. मावा जवळजवळ नाहीसा.

स्पृहा आली होती. नात सातवीत आहे आणि शाळेने प्रयोग करून फोटो आणायला सांगितलेत. कुठला प्रयोग? तोच! पांढरं फूल लाल शाईच्या पाण्यात ठेवायचं. मला हसूच आलं. एकतीस वर्षं, दर वर्षी चार तुकड्या, हा प्रयोग मी केला आहे. झोपेतून उठवलं तरी करीन.

निशिगंधाची दांडी आणली, ग्लासात लाल शाई. दुपारी जेवून उठलो तर पाकळ्यांच्या कडांना लाल रेघा यायला लागल्या होत्या. मी लेन्स लावून फोटो काढले. काय दिसतं ते! एकेक शीर भरत जाते, अगदी आतल्या केसरापर्यंत.

स्पृहाने विचारलं, "आजी, सगळं वर जातं? पाण्यात काहीही टाकलं तरी?"

"पाण्यात विरघळेल ते सगळं. झाडाला निवडता येत नाही."

"मग मीठ टाकलं तर मध खारट होईल?"

"बाई गं, किती बोलतेस," म्हटलं, आणि तिला शिरा दिला. पोरगी हुशार आहे. आमच्या घराण्यावर गेली आहे.

१३ मार्च, गुरुवार

आज बसली!!

सव्वाआठ वाजता, गच्चीवर, पांढऱ्या कॉसमॉसवर. मी लेन्स चार बोटांवर आणली तरी उडाली नाही. सतरा फ्रेम झाल्या, मग हळूच एक पाय हलवला आणि घसरून खाली पानावर आली. तिथेही बसून राहिली. मी म्हटलं, बाई, आज तुझी सुट्टी दिसते.

एक महिना रोज सकाळी त्याच स्टुलावर, त्याच फिक्या साडीत, अत्तर नाही, बोलणं नाही. जनावराला माणूस कळतो. उपाध्यांना सांगायला हवं, फ्रीज लागत नाही, धीर लागतो.

१८ मार्च, मंगळवार

एकतीस फ्रेम. जोडल्या. माधवना बोलावून दाखवलं, तर म्हणाले, "डोळ्यावर केस असतात हे मला माहीत नव्हतं." पराग कणाकणाने दिसतो. पिवळ्या चकतीवर ती पुढचे पाय पसरून बसली आहे, जीभ पूर्ण बाहेर, मध चाखता चाखता डोळा लागल्यासारखी. मी असा फोटो आजवर कुठे पाहिलेला नाही. खोटं कशाला लिहू, मला रडू आलं.

माधव गच्ची झाडतात रोज. जाता जाता म्हणाले, "हल्ली सुपलीत मेलेल्या माश्या फार निघतात गं." मी सांगितलं, कामकरी माशी सहा-सात आठवडेच जगते. माश्या जास्त येतात म्हणून मेलेल्याही जास्त दिसतात. साधं गणित आहे.

खाली बद्रीनाथांचा चेहरा उतरलेला. पेट्यांपुढे जमिनीवर माश्या रांगतात, उडताच येत नाही म्हणाले. होळीच्या धुराने असेल, असं त्यांना वाटतं. सोसायटीने होळी पेटवली ती पेट्यांपासून वीस पावलांवर. गाढव आहेत सगळे. उद्या सेक्रेटरीला पत्र लिहिते.

२४ मार्च, सोमवार

सेक्रेटरीचं उत्तर आलं: होळीची जागा पूर्वापार तीच आहे. मी परत लिहिलं की इमारतच अकरा वर्षांची आहे, तेव्हा पूर्वापार म्हणजे नक्की केव्हापासून?

तिसरा हप्ता वेळेवर दिला. बागेला असा बहर मी कधीच पाहिला नव्हता. एका पानाला भोक नाही.

बद्रीनाथांच्या दोन पेट्या रिकाम्या झाल्या. पोळी आहेत, मध आहे, पिल्लं आहेत, माश्या नाहीत. "बाहेर जातात अन् घरी येतच नाहीत मॅडम. रस्ता भुलल्यावानी." राणी आणि मूठभर माश्या उरल्या होत्या, त्याही काल गेल्या. मी म्हटलं, मोबाइलचा टॉवर असेल. ते पेटीच्या झाकणावरून हात फिरवत होते.

माझ्या मात्र रोज दोन-तीन माश्या अशा शांत बसतात. इतके फोटो झाले की निवडायचे कुठले हा प्रश्न. आपला आनंद आणि शेजाऱ्याचं दुःख एकाच आठवड्यात यावं, हे बरं वाटत नाही. लिहून ठेवते, कारण कुणाला सांगितलं तर चमत्कारिक दिसेल.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

बद्रीनाथांना श्रीखंड-पुरी नेऊन दिली. वाटी हातात धरून तसेच बसले होते. आता दोनच पेट्या. त्यांना धीर यावा म्हणून मोबाइलवर माझा फोटो दाखवला. म्हटलं, "बघा, तुमचीच माशी. किती विश्वासाने बसली आहे."

त्यांनी मोबाइल जवळ घेतला. बघतच राहिले. मग परत दिला, दोन्ही हातांनी.

"सुंदर हाये मॅडम."

एवढंच. पुरी तशीच झाकून ठेवली. त्यांना एकटं राहायचं असेल असं वाटून मी उठले. फोटोचं नाव मात्र तिथेच सुचलं: 'विश्वास'.

५ एप्रिल, शनिवार

निवड झाली! 'विश्वास' प्रदर्शनात लागणार, आणि तोही दारासमोरच्या भिंतीवर. उपाध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "पद्मजाताईंचा फ्रीज आमच्यापेक्षा चांगला दिसतोय." मी असा संताप कधी अनुभवला नव्हता. म्हटलं, मूळ फाइली घेऊन येते, वेळेसकट, तापमानासकट, परीक्षकांनी तपासाव्यात. माझ्यावर कुणी कॉपी केल्याचा आळ घ्यावा! माझ्यावर!

बद्रीनाथांची एक पेटी उरली आहे.

१२ एप्रिल, शनिवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

परीक्षक डॉ. आमोद देवधर, कीटकशास्त्राचे प्राध्यापक, वय चाळिशीचं. फोटोसमोर उभे राहिले ते हलेनात. लोक त्यांच्यामागे जमले. मग हळू आवाजात मला बाजूला घेतलं.

"मॅडम, ही माशी गारठवलेली होती का?"

मी तयारच होते. लॅपटॉप उघडला, एकतीस फाइली मांडल्या. "सकाळी आठ पंधरा. तेवीस अंश. गच्ची. माझे पती साक्षीला आहेत. मी किड्याला आजवर बोट लावलेलं नाही."

त्यांनी एकेक फाइल मोठी करून पाहिली. माझ्या मनात आलं, आता माफी मागतील.

"तुमच्यावर विश्वास आहे माझा," म्हणाले. "गारठलेली माशी जीभ आत घेते. हिची पूर्ण बाहेर लोंबते आहे. पाय असे फाकलेले. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत पंख थरथरलेत, बघा, कडा धूसर आहे. मॅडम, ही चाखत नाही. हिला विषबाधा झाली आहे. ही मरते आहे."

मी म्हटलं, शक्य नाही. आमच्याकडे फवारणी होत नाही.

"मातीत काही घालता?"

मला ते दाण्यांचं पाकीट आठवलं. ते समजावत होते, अगदी हळुवार, मी बद्रीनाथांना समजावलं होतं तसंच. मूळ शोषतं, देठातून वर जातं, पानात, मधात, परागात. माशी लगेच मरेलच असं नाही, पण तिला घरचा रस्ता सापडत नाही. मी मान हलवत होते. मागे कुणीतरी "वा! काय डिटेल आहे!" म्हणालं.

फोटो उतरवा म्हटलं. मंडळाचे लोक म्हणाले, ताई, उद्या पेपरवाले येणार आहेत, आता नको. मी स्टूल ओढलं आणि स्वतः उतरवला. येताना रिक्षात मांडीवर पालथा धरला होता.

१३ एप्रिल, रविवार

पाकीट माळ्याच्या खोलीत सापडलं. चष्मा लावूनही अक्षरं नीट लागेनात. मग कॅमेरा आणला, तीच लेन्स लावली, पाकीट उन्हात धरून फोटो काढला आणि संगणकावर मोठा केला.

फुलोऱ्याच्या काळात वापरू नये. मधमाश्यांना अत्यंत घातक. पिकावर फुलं असताना...

पुढचं वाचलं नाही. माशीच्या डोळ्यावरचा एकेक केस मोजला मी. हे दोन शब्द वाचले नाहीत.

आणि वाचायची गरज तरी काय होती? निशिगंधाचा तो लाल फोटो अजून संगणकावर आहे. चौदा वाफ्यांना मी तिसरा हप्ता दिला तो स्पृहाच्या प्रयोगानंतर. तुळशीला वगळलं होतं. का वगळलं होतं मी तुळशीला? माझा चहा होता म्हणून. म्हणजे कुठेतरी मला माहीत होतं. हे लिहिताना माझी मला शिसारी येते आहे.

माधव दारात उभे होते. आज एकही वाकडा शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल, सोमवार

पंपाच्या खोलीमागे गेले. बद्रीनाथ शेवटची पेटी धुऊन पालथी घालत होते. काल संध्याकाळी तीही संपली. आठ नाही, पाच नाही, एकही नाही.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. पाठ केल्यासारखं सगळं: औषध, मुळं, मध, पाकिटावरची अक्षरं. चूक माझी आहे, फक्त माझी, असंही सांगितलं.

त्यांनी हात पुसले. "मले मालूम हाये मॅडम."

"केव्हापासून?"

"पाडव्याले तुमी फोटू दाखवला न, तवा पक्कं समजलं. जीभ अशी बाहेर मेल्या माशीची असते."

"मग तेव्हा का नाही बोललात? दोन पेट्या होत्या अजून! दोन होत्या!" मी ओरडलेच. कुणावर ओरडत होते देव जाणे.

ते म्हणाले, "बोललो व्हतो न मॅडम एकडाव. तुमी चित्र काढून देल्लं. मले वाटलं, तुमी शिकवता, तुमाले जास्त मालूम. मी तं आठवी नापास माणूस." आणि जरा थांबून, "अन् जागा तुमीच देल्ली व्हती. कसं बोलावं?"

त्यांनी नोंदवही काढून ते पान दाखवलं नाही. पण वही तिथेच खुर्चीवर होती. मला त्या वहीकडे बघवेना.

मी काय काय म्हटलं ते आठवत नाही. नव्या पेट्या आणू, मी येते बरोबर, कुठे मिळतात सांगा. ते मान हलवत राहिले. "या बागेत आता ठेवता येत नाही मॅडम. औषध राहते न मातीत." ते एक तारखेपासून हडपसरला दुसऱ्या सोसायटीत लागणार आहेत. तिथे पेट्यांना परवानगी नाही. गावी जायचं विचारलं, तर "पाहू" म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते पाठ करून बोलू लागले, पण आवाज येत होता. पलीकडून मुलीचा बारीक आवाज, काहीतरी विचारत होती.

"हाव बेटा," बद्रीनाथ म्हणाले. "होऊन रायल्या आठ. दोनच व्हायच्या राह्यल्या फक्त."

२७ एप्रिल, रविवार

सोसायटीची खास सभा बोलावली होती मी. सगळं सांगितलं आणि म्हटलं, चौदाही वाफे उपटून टाकायला परवानगी द्या. डॉ. देवधरांनी सांगितलंय, औषध मातीत वर्षभर टिकतं, जास्तच. बहर असेपर्यंत जी माशी येईल ती मरेल.

एक जण म्हणाले, "पण बाग इतकी सुंदर कधीच नव्हती, पद्मजाताई." सेक्रेटरी म्हणाले, "आणि माश्याही गेल्या. मुलांच्या दृष्टीने उत्तमच झालं की!" टाळी नाही वाजली एवढंच. मी वीस मिनिटं बोलले. कुणी दमलं नाही, कुणी ऐकलंही नाही. परवानगी नामंजूर. वर बाग समितीतर्फे माझ्या अभिनंदनाचा ठराव.

४ मे, रविवार

साठ कुंड्या माझ्या होत्या, त्या मी रिकाम्या केल्या. माती पोत्यांत बांधून गच्चीवर ठेवली आहे. कुठे टाकायची ते देवधर विचारून सांगणार आहेत.

खालच्या वाफ्यांना उपटायला बंदी आहे, कळ्या खुडायला नाही. नियमावली वाचली मी, चष्मा लावून. तेव्हा रोज पहाटे साडेपाचला कात्री घेऊन उतरते. ऊन यायच्या आत चौदा वाफ्यांवरची एकूण एक कळी कापायची. सुदर्शनला वाटतं बाईंचं डोकं फिरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी काल वरून ओरडून विचारलं, "काकू, एवढी फुलं देवाला?" मी हो म्हटलं. माधव सोबत येतात, पिशवी धरून उभे राहतात. त्यांना फार वेळ वाकता येत नाही.

बद्रीनाथांच्या पेट्या पंपाच्या खोलीमागे तशाच आहेत. नेल्या नाहीत. लाकडालाही लागलं असेल म्हणाले.

कॅमेरा कपाटात, शालीखाली.

आज कापून झालं, पाठ सरळ केली, तर सातव्या वाफ्यातून आवाज आला. भिंतीलगत एक कॉसमॉस राहून गेला होता, पांढरा, पूर्ण उमललेला. त्यावर मधमाशी. कुठून आली असेल? आता इथे पेटी नाही. दुसऱ्या कुणाची तरी, कुठून तरी लांबून आलेली. चांगली चपळ होती, चकतीवर गरगर फिरत होती. सकाळचं कोवळं ऊन नेमकं तिच्यावर.

मी धावले. या वयात, त्या चिखलात, पदर फडकावत, "हुश्श, हुश्श, जा, जा गं बाई!" ओरडत. ती उडाली, पुन्हा तिथेच बसायला आली. पुन्हा हाकलली. मग फूल मुठीत धरून देठापासून तोडलं आणि मूठ तशीच मिटून उभी राहिले. ती दोनदा माझ्या मुठीभोवती फिरली आणि भिंतीवरून निघून गेली.

किती प्यायली होती, ते कळलं नाही.

उद्या पाचलाच उतरायचं. भिंतीकडून सुरुवात करायची.